उमरटेकचं फाटक आणि त्याचे खासदार

लोकशाहीत जनतेच्या आवाजापुढे दुसरा कुठलाही आवाज टिकत नाही, अशी ॲडव्होकेट सुगत तेलगोटे यांची ठाम श्रद्धा होती. उमरटेकच्या फाटकावर कोळशाची मालगाडी येईपर्यंत ती टिकली.

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या रुळांवर उमरटेक हे गाव आहे. गाव रुळाच्या एका अंगाला आणि शाळा, दवाखाना, डांबरी रस्ता, थोडक्यात उरलेलं जग, दुसऱ्या अंगाला. मधे फाटक. ही मुंबई-हावडा लाईन असल्यामुळे मुंबईला घाई असते आणि हावड्यालाही असते. उमरटेकला नसते, असं रेल्वेने परस्पर ठरवून टाकलेलं आहे.

वकीलसाहेब मूळ याच गावचे. आता अमरावतीत घर, पत्नी संध्या तिथल्याच एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी, आणि वकिली मूर्तिजापूर ते अकोला अशी पसरलेली. पक्षाने त्यांना लोकसभेचं तिकीट का दिलं, हे पक्षालाही नीट सांगता आलं नसतं. ठरलेले उमेदवार ऐन वेळी समोरच्या पक्षात गेले, त्यांच्या जागी आणलेले रुसले, आणि मग ज्यांचा फोन पहिल्या रिंगला उचलला गेला ते तेलगोटे. ‘वकील असूनही सरळ माणूस’ अशी त्यांची ख्याती होती. वकिलीत तिचा उपयोग झाला नव्हता. राजकारणात होईल, असं कोणाला तरी वाटलं असावं.

प्रचारात त्यांची जीप त्याच फाटकावर अडकली. अलीकडे दोन एसट्या, कापसाचे ट्रॅक्टर, नवरदेवाचा टेम्पो, मागे धुरळा. इतर उमेदवारांना माणसं जमवायला काय काय करावं लागतं, इथे रेल्वेने आयती सभा भरवून दिली होती. वकीलसाहेब जीपवर चढले, माईक घेतला, ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणाले, आणि मालगाडी आली.

दुसरा कोणी असता तर ओरडला असता. पण दुसरी बाजू बोलत असताना आपण थांबायचं, ही कोर्टाची शिस्त त्यांच्या अंगात मुरली होती. त्यांनी मालगाडीला अदबीने बोलू दिलं. शेवटचा डबा गेला आणि फाटक उघडायच्या आधी जेमतेम एका वाक्यापुरती शांतता मिळाली. तेवढ्यात ते म्हणाले, “मी निवडून आलो, तर हे फाटक राहणार नाही!”

फाटक वर गेलं आणि सगळ्या गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवले. वकीलसाहेबांनी तो जनतेचा प्रतिसाद समजून हात जोडले.

ते निवडून आले. थोडक्यात आले, पण आले. अमरावतीचे त्यांचे शेजारी केशवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते. आयुष्यात एकही धरण वेळेवर पुरं न झाल्यामुळे त्यांना सल्ल्याचा प्रचंड अनुभव होता. पेढा तोंडात टाकत ते म्हणाले, “वकीलसाहेब, तुमाले जनतेनं नाई, फाटकानं निवडून आनलं. आता फाटकाचं पाहा. बाकीचा देश पाहाले लोकं हायेत.”

खासदारांनी हे मनावर घेतलं.

दिल्लीत पहिलं अधिवेशन ऐकून घेण्यात गेलं. समोरचा खाली बसला की आपण उठायचं, या हिशोबाने ते बसून राहिले. समोरचे कोणी खाली बसलेच नाहीत. पुढच्या अधिवेशनात मात्र सोडतीत त्यांचा तारांकित प्रश्न लागला. मंत्र्यांनी उभं राहून उत्तर द्यायचं, आणि ते दूरदर्शनवर दिसायचं. प्रश्न असा, की उमरटेकच्या फाटकाखालून भुयारी मार्ग का होत नाही आणि या दिरंगाईला जबाबदार कोण?

संध्याबाईंनी स्टाफरूममध्ये टीव्ही लावायला लावला. उमरटेकात पार्वताबाईच्या चहाच्या टपरीवर अर्धं गाव मोबाइलमध्ये डोकं घालून उभं राहिलं.

मंत्री उठले. म्हणाले, की हा भुयारी मार्ग फार पूर्वीच मंजूर आहे. मात्र लागणाऱ्या जागेवर न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आहे. फाटकामुळे ग्रामस्थांची कसलीही गैरसोय होत नाही, असा युक्तिवाद न्यायालयाने ग्राह्य धरला आहे. चष्मा नाकावर सरकवून मंत्री पुढे म्हणाले, “हा युक्तिवाद सन्माननीय सदस्यांनीच केला होता.”

सभागृहाच्या दोन्ही बाजू एकदम हसल्या. त्या अधिवेशनातलं ते एकमेव एकमत.

सुगत तेलगोटे उभेच होते. त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की युक्तिवाद चांगला झाला होता. दुसरा विचार यायला वेळ लागला.

ते हे प्रकरण विसरले होते, यात नवल नाही. दिवाणी वकील स्टे मिळवतो तो प्रकरण विसरता यावं म्हणूनच. त्यातून ‘तात्पुरता’ हा शब्द कोर्टात फार दीर्घायुषी असतो. जागा गावच्याच रामराव ठाकरे-देशमुखांची. फाटकाला लागून त्यांची संत्र्याची बाग, आणि रस्ता त्या बागेतून जाणार होता. तेव्हाच्या तरुण तेलगोट्यांनी मुद्दा काढला, की गावाला फाटकाचा त्रासच नाही, तर भुयार हवं कशाला? साक्षीला गावातून कोणी येईना, कारण कापूस वेचणीचे दिवस होते. शेवटी त्यांनी घरचाच साक्षीदार उभा केला. स्वतःची माय, सुंदराबाई.

सरकारी वकिलाने उलटतपासणीत विचारलं होतं, “हे वकील तुमचे कोण लागतात?”

“पोरगा हाय,” सुंदराबाई म्हणाल्या होत्या. “पन म्हून मी लबाड बोलन असं नोका समजू. मले फाटकाचा काई तरास नाई.”

न्यायाधीशांनी हे जसंच्या तसं लिहून घेतलं. हुकूम झाला. पुढे प्रकरण ज्युनिअर ललितकडे गेलं.

सभागृहातून बाहेर पडताच संध्याबाईंचा फोन आला. “अहो, पाहिलं सगळ्यांनी.”

“काय म्हणाले?”

“म्हणाले, सरांना जॅकेट छान दिसतं.”

घरी आल्यावर केशवराव वाटच पाहत होते. त्यांच्याकडे उपाय तयार होते. पहिला, दुसरा वकील लावून स्वतःवरच केस ठोकायची. “हारले तं खासदार म्हून जिंकले, जिंकले तं वकील म्हून जिंकले. नुसकान कुठं हाय?” दुसरा, फाटक आहे तिथेच ठेवून गाव उचलायचं, धरणात त्यांनी तशी गावं उचललेली होती. खासदारांनी दोन्ही सूचनांबद्दल आभार मानले.

ललितला बोलावलं. ललित गुणी मुलगा. आता मुलगाही राहिला नव्हता, केस विरळ झाले होते, पण सिनिअरच्या लेखी ज्युनिअर म्हातारा होत नाही. “ललित, पुढच्या तारखेला सरकारी वकील हुकूम उठवा म्हणतील. आपण फार ताणायचं नाही. समजलं?”

“समजलं सर.”

तारीख झाली. ललितने फोन केला. “सर, सरकारी वकील आलेच नाहीत.”

“मग?”

“मग मी पुढची तारीख घेतली.”

“अरे, कशाला?”

“सवय, सर,” ललित म्हणाला. “तुम्हीच लावलेली.”

एव्हाना मूर्तिजापूरच्या स्टँडवर विरोधकांचा फलक लागला होता. त्यावर फाटकाचं मोठं चित्र, खाली एवढंच : ‘अडवलं कोणी?’ अंजनगावच्या बाजारापर्यंत त्यांचं नाव ‘स्टेवाले खासदार’ पडलं. एरवी त्यांना हे नाव आवडलं असतं. वकिलीत लोक तेवढ्यासाठी आयुष्य घालवतात.

आता रामरावांनी केस मागे घेणं हा एकच मार्ग उरला. खासदार बागेत गेले. रामराव बाजेवर बसून संत्री निवडत होते. त्यांनी आनंदाने जागा करून दिली.

“या, वकीलसाहेब! मी म्हनलं होतं नं, तुमी निवडून याच. आमच्या घरची सारी मतं तुमाले देल्ली.”

“आभारी आहे, रामराव.”

“आभार कायचे? मी म्हनलं, आपला वकील दिल्लीत गेला तं आपला स्टे अजून पक्का होते.”

खासदारांनी हातातली संत्र्याची फोड बाजूला ठेवली. त्यांनी सावकाश विषय काढला. गावाचं हित, काळाची गरज, मोबदला. रामरावांनी सगळं ऐकून घेतलं.

“तुमीच म्हनलं होतं, ‘रामराव, जागा गेली तरी चालन, पन मुद्दा जाऊ देऊ नोका.’ मले तवा समजलं नोतं, पन धरून ठेवलं मी. आता तुमीच सोड म्हन्ता?” मग त्यांनी एक संत्रं हातात फिरवलं. “असं करा. सुंदरामायनं कोर्टात उभं राहून सांगतलं, तरास नाई म्हून. थ्या बाईच्या शब्दावर मी इतके सालं उभा हाय. तिनं सांगावं, तरास हाय. मी उद्या जागा देतो.”

खासदार हलक्या मनाने उठले. प्रश्न घरातलाच होता. आयुष्यभर दिवाणी दावे चालवूनही त्यांना अजून असं वाटत होतं, की घरातले प्रश्न सोपे असतात.

सुंदराबाई अमरावतीला राहत नसत. मुलाच्या घरात फरशी गार आणि माणसं बंद दाराआड, अशी त्यांची तक्रार. त्या उमरटेकातच राहत आणि दुपारभर फाटकाजवळच्या लिंबाखाली, पार्वताबाईच्या टपरीच्या बाकड्यावर बसत. खासदार बाकड्याच्या उरलेल्या टोकावर बसले.

“माय, तुला कोर्टात एकदा सांगावं लागेल. फाटकाचा त्रास होतो म्हणून.”

“काऊन? मले नाई होत.”

“माहीत आहे गं. पण तेव्हा आपण जे सांगितलं, ते केससाठी होतं.”

“तुह्या केससाठी असन. मी तं खरं सांगतलं.”

“माय, तेव्हा मी तुला काय बोलायचं ते समजावलं होतं.”

“समजावलं होतं. अन् मी म्हनलं, बरं झालं बापा, खरं तेच बोलाले सांगून राहिला. नाईतं मी आलीच नसती.”

टपरीतून पार्वताबाई म्हणाली, “साहेब, साखर टाकू का कमी?” हा प्रश्न की सहानुभूती, ते कळलं नाही.

खासदारांनी कप हातात घेतला. आपल्या अशिलावर वकिलाचा विश्वास नसतो, हे धंद्याला धरून आहे. पण आपल्या साक्षीदारावर, आणि तेही सख्ख्या मायवर, आपला इतकी वर्षं विश्वास नव्हता, हे त्यांना त्या बाकड्यावर कळलं. तो युक्तिवाद खोटा आहे असं समजून त्यांनी तो इतका चांगला केला होता.

तरीही त्यांनी हार मानली नाही. त्यांनी फाटकावरच जनसुनावणी ठेवली. रेल्वेचे अधिकारी येतील, भूसंपादनवाले येतील, गाव बोलेल, माय ऐकेल, असा बेत होता. संध्याबाईही रजा टाकून आल्या. मंडप गावाच्या बाजूला घातला. अधिकारी अमरावतीहून निघाले, वेळेवर पोचले, आणि फाटकाच्या पलीकडे अडकले. एक मालगाडी येऊन अशी उभी राहिली, की जशी काही तिलाही निमंत्रण होतं. डब्यांच्या मधल्या फटीतून अधिकाऱ्यांचे पाय तेवढे दिसत होते. सुनावणी अधिकाऱ्यांविना सुरू झाली.

तरुण पोरं तावातावाने बोलली. मग कोणीतरी म्हणालं, सुंदरामायला बोलू द्या. खासदार उठले. हातात माईक होता, समोर साक्षीदार, आणि सवय वाईट.

“सुंदराबाई, तुम्ही रोज या फाटकाजवळ बसता, हे खरं आहे का?”

“तुले माईत हाय नं? मंग इचारून काऊन राहिला?”

मंडप हसला.

“फाटक बंद असलं की गाड्या अडतात, माणसं खोळंबतात, हे खरं आहे का?”

“हाव. खोळंबतात म्हून तं भेटतात. येरवी कोन थांबते कोनासाठी? जयभीम केला की चालले भुरकन. तुह्यं लगन कुठं जमलं?”

खासदार म्हणाले, हा प्रश्न विषयाला सोडून आहे.

“इथं जमलं,” सुंदराबाई मंडपाला म्हणाल्या. “संध्याचा बाप जीपगाडीनं अकोल्याले दुसरा पोरगा पाहाले चालला होता. फाटक बंद. उतरला, याच लिंबाखाली पानी पेला, मी इचारलं, कुठं चालले भाऊ? फाटक उघडं असतं तं ही आज अकोल्यात असती.”

संध्याबाईंना ही हकीकत नवी होती. लग्नानंतर इतक्या वर्षांनी त्यांनी नवऱ्याकडे, आणि मग फाटकाकडे, नीट निरखून पाहिलं. “अकोल्याचा मुलगा काय करत होता?” त्यांनी विचारलं.

“बँकेत होता,” सुंदराबाई म्हणाल्या.

मंडपात कोणीतरी हळहळलं. खासदारांनी माईक खाली घेतला. उलटतपासणीत उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारू नये, हे ते ललितला पहिल्या दिवशी शिकवत.

रामराव मागे उभे होते. ते मोठ्याने म्हणाले, “झालं तं मंग! बाई म्हन्ते तरास नाई. मुद्दा कायम.”

सुंदराबाईंनी मान वळवली. “रामराव, मी म्हनलं, मले तरास नाई. कोर्टानं मले इचारलं, मी माह्यं सांगतलं. मी काय साऱ्या गावाची वकील हावो का? तुमच्या पौर्णिमाले कोनी इचारलं काय?”

पौर्णिमा ही रामरावांची धाकटी सून. ती बायकांत, बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. ते बाळ याच फाटकावर, ऑटोत जन्मलं होतं. समोरून लांबच लांब मालगाडी चालली होती, ऑटोवाला रडत होता, पार्वताबाईने उकळता चहा ओतून टाकून गरम पाणी दिलं होतं, आणि बाळ सुंदराबाईंनी आपल्या लुगड्यात घेतलं होतं. सगळं नीट झालं म्हणून गावाने तो किस्सा करून टाकला होता.

पौर्णिमाने सासऱ्यांकडे पाहिलं आणि पदर सावरून म्हणाली, “मले कोनी साक्षीले बोलावलंच नाई.”

मालगाडीने एक धक्का दिला आणि चालू लागली. ती जाईपर्यंत कोणी बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं. ती गेली तेव्हा रामराव जमिनीकडे पाहत होते.

“पन सुंदरामायचा शब्द खोटा नाई पडला पायजे,” ते म्हणाले.

“माह्यी साक्ष तशीच राहू द्या,” सुंदराबाई म्हणाल्या, “अन् भुयार बी करा. दोनी खरं असू शकत नाई काय?”

इतक्या वर्षांच्या वकिलीत सुगत तेलगोट्यांनी ही शक्यता तपासून पाहिली नव्हती. कोर्टात दोन्ही बाजू खऱ्या निघाल्या तर वकिलांनी काय करायचं? तेवढ्यात अधिकारी धापा टाकत मंडपात शिरले आणि म्हणाले, सुनावणी सुरू करू या का?

पुढचं काम ललितने केलं आणि यावेळी तारीख घेतली नाही. रामरावांनी दावा मागे घेतला. कोर्टापुढे नोंद झाली, की सुंदराबाईंची पूर्वीची साक्ष खरीच होती आणि ती कायम आहे. मात्र त्यांच्याखेरीजही गावात माणसं राहतात. ही ओळ खासदारांनी स्वतः सांगितली होती. ती त्यांची वकिलीतली सर्वात प्रामाणिक ओळ, असं संध्याबाईंचं मत आहे. बँकेतल्या मुलाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. फारसा काढला नाही.

भुयारी मार्ग झाला. खासदारांनी फीत कापली, रामरावांनी संत्री वाटली, आणि पौर्णिमा बाळाला घेऊन पहिल्या ऑटोतून आरपार गेली. फाटकाच्या जागी रेल्वेने भिंत घातली. खासदारांचा शब्द खरा झाला होता. फाटक राहिलं नव्हतं.

मग पुढची निवडणूक आली. आता प्रचार कुठून सुरू करायचा, यात वादच नव्हता. केशवराव मुद्दाम अमरावतीहून आले. जीप भुयाराच्या तोंडाशी उभी केली. तिथे खासदारांच्या नावाची पाटी होती, पण आचारसंहितेमुळे तिच्यावर कागद चिकटवलेला होता. खासदार जीपवर चढले, माईक घेतला, ‘बंधू आणि भगिनींनो’ म्हणाले.

एसटी आली आणि भुयारातून भुरकन निघून गेली. ट्रॅक्टर गेले. नवरदेवाचा टेम्पो गेला; नवरदेवाने हात केला, पण तो माशी वारण्यासाठीही असू शकेल. सगळ्यांना रस्ता मोकळा होता. थांबायचं कोणालाच कारण नव्हतं.

पूर्ण भाषण एकट्या सुंदराबाईंनी ऐकलं, कारण पार्वताबाईची टपरी आता तिथे आली होती आणि बाकडंही.

“कसं झालं, माय?”

“बोलला बरा,” सुंदराबाई म्हणाल्या. “मधात मालगाडी पायजे होती.”

ते पडले. थोडक्यात पडले, पण पडले. उमरटेकचं मतदान त्या वेळी कमी झालं. केशवरावांच्या मते गाव लवकर बाहेर पडू लागल्यामुळे मतदानाला घरी कोणी सापडलंच नाही.

ॲडव्होकेट तेलगोटे आता पुन्हा मूर्तिजापूरच्या कोर्टात जातात. वाटेत मायला भेटून भुयारातूनच जातात. पूर्वीपेक्षा लवकर पोचतात आणि तारीख घेऊन लवकर परत येतात.